तीन कोटेशनं आणि एक डिझेल गाडी

पुण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. नवऱ्याची बदली गुरुग्रामला झाली, तो पुढे जाऊन रुजूही झाला. आठव्या मजल्यावर भाड्याचं घर बघून ठेवलं आहे. मुलीची शाळा, पुण्यातलं टू बीएचके रिकामं करणं आणि सामान हलवणं एकट्या या बाईंच्या अंगावर आलं आहे. मुक्काम 'दोन-तीन वर्षांचा' असेल असं ऑफिस म्हणतं. डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत निघायचं ठरलं आहे. इंटरनेटवर एका ठिकाणी नंबर टाकला आणि तेव्हापासून फोन थांबलेला नाही. त्यातून तीन कोटेशनं हाती लागली: 34 हजार, 58 हजार आणि 86 हजार. तिघेही म्हणतात, "मॅडम, सगळं धरून." साताऱ्याला राहणारे सासरे म्हणतात, या पॅकर्सच्या नादी लागू नकोस, माझ्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा अख्खा ट्रक कर. घरची गाडी डिझेलची आहे, ऑगस्ट 2017 ची, कर्ज फिटलेली. तिचं डाउन पेमेंट सासऱ्यांनी केलं होतं. नवरा म्हणतो कंटेनरने पाठव, भाऊ म्हणतो मी चालवत आणतो. नवऱ्याची कंपनी खर्चापोटी 75 हजारांपर्यंत देणार आहे, पण बिलावर. विचारलंय ते असं: "यातलं कोणतं कोटेशन घेऊ? आणि गाडी ट्रकने पाठवू की भावाबरोबर? मला फक्त निर्णय सांगा, डोकं चालत नाही."

ताई, निर्णय सांगते, पण तुम्ही विचारलात त्या क्रमाने नाही. कोटेशनचा प्रश्न थोडा थांबू दे. तीन आकडे एकाच कामाचे असते तर त्यातला एक निवडता आला असता. चौतीसवाल्याने फोनवर विचारलं असणार, "टू बीएचकेच ना?" तुम्ही 'हो' म्हणालात आणि त्याने आकडा टाकला. तुमच्याकडे काचेचं शोकेस आहे की नाही, पलंगात स्टोअरेज आहे की नाही, पुण्याच्या इमारतीत लिफ्टमध्ये कपाट मावतं की जिन्याने उतरवावं लागतं, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. ज्याने घर बघितलेलं नाही त्याचा आकडा म्हणजे तुम्हाला फोनवर धरून ठेवण्याची युक्ती. बाकी दोघांनी घर पाहिलं की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. पाहिलं नसेल तर तेही याच रांगेतले.

सगळंच्या सगळं सामान जायचंच आहे, हे तुम्ही धरून चालला आहात. मला आधी त्यावरच बोट ठेवायचं आहे. ट्रकमध्ये सामान किती मोलाचं आहे याला किंमत नसते, ते किती जागा अडवतं याला असते. धंद्यात हिशोब घनफुटांत चालतो. सतरा फुटी बंद गाडी साधारण सहा फूट रुंद आणि सात फूट उंच धरली तर आत 700 घनफुटांच्या आसपास जागा झाली. तुमचं 58 हजारांचं कोटेशन अशा गाडीचं असेल, तर एका घनफुटाला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये पडले. आता टेप घेऊन बेडरूममध्ये जा. चार फूट रुंद, दोन फूट खोल, साडेसहा फूट उंच कपाट म्हणजे 52 घनफूट, म्हणजे नुसत्या प्रवासाचे चार हजारांवर. तीन जणांचा सोफा जवळपास पाच हजार रुपयांची जागा खातो. ते कपाट सागवानी असेल, आजेसासूबाईंचं असेल, तर चार हजार खुशाल घाला. पण भुशाच्या बोर्डाचं, आठ वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेलं असेल तर ते एकदा उघडून पुन्हा जोडलं की स्क्रू धरत नाहीत आणि दार कायमचं तिरकं लागतं. असं कपाट पुण्यातच विकून टाका, किंवा कामवाल्या मावशींना द्या.

नवऱ्याला सांगा, घराचे फोटो नकोत, मापं पाठव. गुरुग्रामच्या सोसायट्यांमधल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत भिंतीतली कपाटं आणि मॉड्युलर किचन असतं. काही घरांत गिझर आणि एसीसुद्धा घरमालकाचे. हे न विचारता लोक पुण्याहून एसी काढून नेतात. आधी त्यातला गॅस युनिटमध्ये बंद करायला मेकॅनिक, तिकडे पुन्हा बसवायला मेकॅनिक, वर नवीन तांब्याची नळी. इतकं करून कळतं की भिंतीवर एक एसी आधीच आहे.

यादी करताना मी तीन रकाने करते: जाणार, विकणार, साताऱ्याला ठेवणार. 'बघू' असा चौथा रकाना केलात की ते सगळं शेवटच्या रात्री ट्रकमध्ये चढतं. ही यादी झाली की तुमची सतरा फुटी गाडी चौदा फुटीवर येण्याची बरीच शक्यता आहे. पुस्तकं, भांडी, कपडे, फ्रिज, वॉशिंग मशीन, एक पलंग, मुलीचं टेबल आणि तुम्ही जीव लावलेल्या दोन-चार वस्तू तेवढ्यात मावतात. रजया मात्र असतील तितक्या न्या. डिसेंबरात तुम्ही पुण्याच्या थंडीच्या हिशोबाने तिकडे उतरलात तर पहिल्याच रात्री त्रेधा उडेल.

ही यादी, खोलीवार, मापांसकट, तिघांनाही पाठवा आणि घर बघायला माणूस पाठवा म्हणा. जो पाठवत नाही तो गळाला. उरलेल्यांकडून याच यादीवर लेखी कोटेशन घ्या. त्यात पॅकिंग, दोन्हीकडची चढ-उतार, आठवा मजला, लिफ्ट न मिळाल्यास काय, पलंग उघडणं आणि जोडणं, विमा आणि जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. 'सगळं धरून' म्हणणाऱ्यांचा जीएसटी बहुधा धरलेला नसतो. पॅकिंगसकट सेवेवर 18 टक्के लागले की 58 हजारांचे 68,440 होतात. कंपनी बिलावर पैसे देणार असेल तर बिनबिलाच्या स्वस्ताईचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. बिलावर 75 हजार मिळणार आणि सामान चौदा फुटीत मावणार, तर चांगलं काम तुमच्या खिशाला फारशी तोशीस न लावता होऊ शकतं. तेव्हा 34 हजारांच्या मोहात तुम्ही का पडावं, हे मला खरंच कळलं नाही.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांचा संशय अगदी रास्त आहे आणि उपाय अर्धा बरोबर आहे. तुम्ही नंबर टाकलात ती साइट सामान हलवत नाही, ती तुमचा नंबर विकते. फोन करणारा अनेकदा मधला माणूस असतो. पॅकिंगची मुलं रोजावरची, ट्रक तिसऱ्याचा, ड्रायव्हर चौथाच. 'पार्ट लोड' म्हटलं की तुमचं सामान आधी कुठल्यातरी गोडाउनमध्ये उतरतं, आणखी दोन-तीन घरांचं सामान जमलं की मोठ्या गाडीत चढतं आणि दिल्लीकडच्या गोडाउनमध्ये पुन्हा उतरून छोट्या गाडीत जातं. प्रत्येक उतरवण्यात एक काच फुटते, एखादा खोका दुसऱ्याच्या घरी जातो. अख्ख्या गाडीत हे होत नाही. तुमच्या दारात कुलूप लागतं ते तिकडच्या दारात उघडतं. वेळही कमी लागतो. साधारण तीन-चार दिवसांत गाडी पोचते, पार्ट लोडला आठवडा सहज जातो.

पण मामंजींच्या ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला काय वाहतो ते आधी विचारा. साखरेची पोती किंवा यंत्रांचे सुटे भाग वाहणारा माणूस सज्जन असेल, त्याच्या ट्रकवर ताडपत्री असेल, पण टीव्हीला लाकडी क्रेट कोण करणार? आठव्या मजल्यावर कपाट कोण चढवणार आणि कोण जोडणार? ओळखीत आणखी एक अडचण असते. काही मोडलं तर मामंजींच्या भिडेपायी तुम्ही भरपाई मागणार नाही. म्हणून माझं मत असं: स्वतःच्या गाड्या असलेला पॅकर, चौदा फुटी बंद गाडी, फक्त तुमचं सामान, मध्ये गाडी बदलायची नाही आणि हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्यायचं. मामंजींना त्या दिवशी पुण्याला बोलवा. ते खोके मोजायला दाराशी बसले तर कोणाची टाप आहे एखादा खोका यादीबाहेर राहील!

माणूस खरा की खोटा हे बघायला ऑनलाइन स्टार मोजू नका. त्याचा जीएसटी नंबर घ्या आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका. फुकट आहे. धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता सगळं दिसतं. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली तर पुढे बोलायला नको. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून किंवा पुढे-मागे एक शब्द जोडून धंदा करणारे पुष्कळ आहेत, म्हणून नाव नीट वाचा. जमलं तर भावाला त्याच्या गोडाउनवर पाठवा. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात किंवा जिथे कुठे असेल तिथे, अर्ध्या तासात जे कळतं ते शंभर रिव्ह्यू वाचून कळत नाही. अ‍ॅडव्हान्स थोडका द्या, तोही कंपनीच्या खात्यात. कोणा 'सुपरवायझर'च्या वैयक्तिक यूपीआयवर नको. मोठा हिस्सा गाडी भरून झाल्यावर आणि काही रक्कम तिकडे सामान उतरल्यावर.

फसवणूक बहुतेक वेळा गाडी भरल्यानंतर सुरू होते. वाटेतून फोन येतो, वजन जास्त निघालं, जकात भरावी लागली, ई-वे बिलाचे (माल नेताना जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन कागदाचे) पैसे पाठवा, नाहीतर गाडी इथेच उभी. वजनाचा प्रश्न लेखी यादीने आधीच मिटलेला असतो. जकात आता राहिलेलीच नाही, 2017 साली जीएसटी आला तेव्हा ती गेली. आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच तशी सूट आहे. ही दोन वाक्यं शांतपणे फोनवर म्हणून दाखवलीत तर पलीकडचा बहुधा गडबडतो. तरीही सामान अडवून धरलं तर पोलिसांत तक्रार करा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. कोटेशन आणि यादी लेखी असेल तर त्या तक्रारीला वजन येतं, नाहीतर नुसतं 'तो असं म्हणाला होता' एवढंच उरतं.

विम्याबद्दल दोन ओळी नीट वाचा. कोटेशनमध्ये 'तीन टक्के इन्शुरन्स' लिहिलेलं असतं. विचारा, पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आणि कोणाच्या नावाची? उत्तर 'आमचंच रिस्क कव्हर असतं' असं आलं तर तो विमा नव्हे, ते त्याचं आश्वासन आहे आणि त्याचे पैसे तुम्ही भरताय. खरी ट्रान्झिट पॉलिसी विमा कंपनीची असते, तिचा नंबर असतो, तुमच्या यादीतल्या वस्तूंच्या किमती तिला जोडलेल्या असतात. 'सर्व जोखीम' आणि फक्त अपघात-आग असे प्रकार असतात. स्वस्त असते ती दुसरी, आणि ती फुटलेल्या काचेला पैसे देत नाही.

आणखी एक कागद, ज्याकडे कोणी बघत नाही: बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती; तिलाच एलआर म्हणतात. गाडी निघण्याआधी ती हातात घ्या. रस्तामार्गे मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखाली वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, जास्त किंमत जाहीर केली नसेल तर. म्हणून बिल्टीवर भाडं उगाच कमी लिहू देऊ नका आणि सामानाची किंमत खरी लिहा. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडणात आणि 'बघतो मॅडम, पाठवतो मॅडम' ऐकण्यात हे सहा महिने कसे निघून जातात ते कळत नाही. ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथे, म्हणजे गुरुग्राममध्येही दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

गाडीकडे येते. ती कशी न्यायची हे तुम्ही विचारलंत. न्यायचीच का, हे तुमच्या घरात कोणी विचारलेलं दिसत नाही.

तुमची गाडी ऑगस्ट 2017 ची, म्हणजे बीएस-4 डिझेल. बीएस म्हणजे गाडीच्या धुरासाठीचं सरकारी मानक, आकडा जितका मोठा तितका धूर कमी. बीएस-6 एप्रिल 2020 पासून आलं. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात, ज्यात गुरुग्राम येतं, दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम केली. 2025 मध्ये न्यायालयाने नुसत्या वयावरून मालकांवर कारवाई करू नका असा दिलासा दिला, वर्षअखेर तो बीएस-4 आणि पुढच्या गाड्यांपुरता ठेवला. तुमची गाडी सध्या त्यात बसते. पण हा अंतरिम दिलासा आहे आणि तिला दहा वर्षं पुरी होतात ऑगस्ट 2027 मध्ये, तुमचा मुक्काम संपण्याआधीच.

वयाचं राहू द्या. रोजची अडचण वेगळीच आहे. हिवाळ्यात तिकडची हवा बिघडली की 'ग्रॅप' नावाचे निर्बंध टप्प्याटप्प्याने लागतात. तिसरा टप्पा लागला की बीएस-3 पेट्रोल आणि बीएस-4 डिझेल चारचाकींना दिल्लीत आणि गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर या जिल्ह्यांत रस्त्यावर आणायला मनाई होते. दिल्लीत यासाठी 20 हजारांचा दंड लावला जातो. हा टप्पा कधी लागेल, कधी उठेल, हे वाऱ्यावर. तुम्ही पोचणार डिसेंबरात. म्हणजे पैसे मोजून गाडी तिकडे न्यायची आणि मुलीला शाळेत सोडायचं त्याच दिवसांत ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी ठेवायची.

यात भर नोंदणीची. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी, हरियाणात नव्याने कर, आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागत बसायचं. इतक्या जुन्या डिझेल गाडीसाठी हे उपद्व्याप कोणी सांगितलेत?

म्हणून माझा निर्णय असा की गाडी नेऊ नका. आणि विकण्याआधी साताऱ्याला विचारा. तुमच्या पत्रात नवऱ्याचा जीव गाडीत अडकल्याचं दिसतं, पण खरं तर तो वडिलांनी दिलेल्या पैशात अडकलेला आहे. ज्यांनी डाउन पेमेंट केलं त्यांच्याच दारात गाडी उभी राहिली तर त्यात गमावल्यासारखं काय आहे? महाराष्ट्रात तिची नोंदणी पंधरा वर्षांची आहे, कागदाला हात लावावा लागत नाही. मामंजी चालवत असतील तर उत्तम. चालवत नसतील तर आठवड्यातून एखादा फेरा मारणारा कोणी घरात हवा, कारण उभी डिझेल गाडी लवकर रुसते. तसा कोणी नसेल तर पुण्यातच विका. एमएच-12 ची गाडी घेणारा पुण्यात सहज मिळेल. गुरुग्रामला नेऊन, दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर विकायला काढलीत तर भाव पाडूनच मागतील. तिकडे पहिले काही महिने मेट्रो आणि कॅबवर काढा. मग गरज वाटली तर तिथलीच, हरियाणा नंबरची, बीएस-6 पेट्रोल किंवा सीएनजी जुनी गाडी घ्या आणि परतताना तिथेच विकून या.

हेच पत्र बीएस-6 पेट्रोल गाडीच्या मालकाचं असतं तर माझं उत्तर उलटं असतं, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. पुणे ते गुरुग्राम चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर आहे, आणि गंमत म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 48 दोन्ही शहरांतून जातो. वडोदरा आणि अजमेरला मुक्काम केला तर तिसऱ्या दिवशी पोचता येतं. पंधरा-सोळाचं अ‍ॅव्हरेज धरलं तर नव्वद-पंच्याण्णव लिटर इंधन, टोल आणि दोन रात्रींच्या खोल्या. ही बेरीज कंटेनरच्या भाड्याशेजारी ठेवून बघा, फार फरक दिसत नाही. प्रश्न पैशांचा कमी आणि चालवणाऱ्याचा जास्त आहे. भावाला एकट्याने पाठवू नये. डिसेंबर-जानेवारीत जयपूरच्या पुढे पहाटे धुकं इतकं असतं की पुढच्या ट्रकचे दिवे जवळ गेल्यावर दिसतात. ऊन पडल्याशिवाय निघायचं नाही आणि अंधार पडल्यावर चालवायचं नाही, हे मान्य असेल तरच.

कंटेनरने पाठवणाऱ्यांनी बंद कंटेनर घ्यावा. दारातून नेणार की यार्डावर सोडायची, हे विचारावं, कारण दारातून नेणारा ड्रायव्हर ती यार्डापर्यंत चालवतच नेतो. म्हणून मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि चारी बाजूंनी, छत, स्टेपनी आणि टूलकिटसकट एक सलग व्हिडिओ. टाकीत इंधन थोडंच ठेवा. फास्टॅगच्या मेसेजवर लक्ष ठेवा, ट्रकवर बसलेल्या गाडीचाही टोल कधीकधी कापला जातो. डिकीत भांड्यांचे खोके भरून पाठवू नका, त्यांची जबाबदारी कोणी घेत नाही. मूळ आरसी देऊ नका, प्रत पुरते. आणि स्वतःची मोटार पॉलिसी काढून वाचा. सर्वसमावेशक पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना होणारं नुकसान धरलेलं असतं. ट्रान्झिट विम्याचे वेगळे पैसे भरण्याआधी हे बघायला हवं, फक्त क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो एवढं लक्षात ठेवून. नोकरी अनेक राज्यांत फिरवणारी असेल आणि कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा, नंबर घेता येतो का, हेही पाहावं. दुचाकी असेल तर ती रेल्वे पार्सलने जाते. टाकी रिकामी, गोणपाटात बांधलेली, स्टेशन ते स्टेशन. घरचा ट्रक जातच असेल तर त्यातच टाकलेली बरी.

पॅकिंगच्या दिवसाचं थोडं सांगते. पुढून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन असेल तर ते घरी आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने मागून काढून दिलेले तीन-चार लांब बोल्ट शोधा. बहुतेक घरांत ते खिळ्या-स्क्रूच्या डब्यात सापडतात. आतला ड्रम हलू नये म्हणून प्रवासात ते परत लावावे लागतात. पॅकिंगवाल्या मुलांना बऱ्याचदा हे माहीत नसतं, आणि विम्यात आतला बिघाड सहसा धरत नाहीत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या, तिकडे काही तास उभा ठेवूनच चालू करा. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये चढवायचा नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, डिपॉझिट परत मिळतं आणि तिकडे नवीन कनेक्शनला ते व्हाउचर लागतं. दागिने, शाळेचा दाखला, घराचे कागद आणि देव तुमच्याबरोबर. लोणच्याची बरणी मात्र कोणाला तरी देऊन या. कितीही कापडं गुंडाळली तरी तेल कुठून तरी वाट काढतंच आणि नेमकं गादीपर्यंत पोचतं.

आणि तारीख. नाताळच्या सुट्टीत सगळेच हलतात, शिवाय धुक्याने आणि प्रदूषणाच्या निर्बंधांनी ट्रकचं वेळापत्रक याच दिवसांत सगळ्यात जास्त कोलमडतं. जयपूरकडून येणारी गाडी दिल्लीत न शिरता गुरुग्रामला येऊ शकते, म्हणून माल दिल्लीच्या गोडाउनमध्ये उतरवणार नाही, हे कोटेशनमध्ये लिहून घ्याच. नवऱ्याला सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारायला सांगा, सामान चढवायला कोणते दिवस आणि कोणती वेळ चालते, सर्व्हिस लिफ्ट आहे का, गेट पास कोण काढतं. अनेक ठिकाणी रविवारी आणि संध्याकाळी सामान आत घेत नाहीत, आणि ट्रक गेटवर उभा राहिला की थांबल्याचे पैसे तुमच्या नावावर चढतात. मुलीसकट तुम्ही ट्रक पोचण्याच्या दिवशीच तिथे पोचू नका, एखाद-दोन दिवस उशिरा जा. खोके उतरवून घ्यायला नवरा आहेच तिथे. फक्त त्याला सांगून ठेवा, पावतीवर 'सामान चांगल्या स्थितीत मिळालं' असं छापलेलं असतं त्याखाली सही करण्याआधी प्रत्येक नंबर यादीशी जुळवायचा आणि जे फुटलं, चेमटलं किंवा आलंच नाही ते तिथेच, ड्रायव्हरसमोर, पेनाने लिहायचं.